दोन तृतीयांश, पण कशाचे?

वाचकांचे प्रश्न : मालदीवची मजलिस आणि राष्ट्राध्यक्ष

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती. मालदीवची २०२२ च्या जनगणनेत परदेशी कामगार धरून सुमारे ५ लाख १५ हजार भरली. म्हणजे आपल्या एका महापालिकेएवढी वस्ती, पण ती समुद्रात बेटाबेटांवर विखुरलेली, आणि तिला स्वतःचे राष्ट्राध्यक्ष, संसद, सर्वोच्च न्यायालय असा सगळा संसार. महापालिकेच्या सभागृहात ७८ नगरसेवक बसतात, तिथल्या संसदेत ९३ सदस्य. या संसदेला ‘मजलिस’ म्हणतात. तिच्यावर कसलेही वरचे सभागृह नाही. त्या कारभाराबद्दल आलेल्या पत्रांना ही उत्तरे.

मालदीवला पंतप्रधान नाहीत, तरी संसद आहे. मग सरकार कोणाच्या बहुमतावर चालते? – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, विटा

कोणाच्याच नाही. आपल्याकडे मुंबईत २८८ पैकी १४५ आमदार पाठीशी असेपर्यंत मुख्यमंत्री. आकडा घसरला की राजीनामा घेऊन राज्यपालांकडे. मालदीवमध्ये लोक राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडतात आणि मजलिस वेगळी. दोन्हींची मुदत पाच-पाच वर्षे, दोन्हींचे मतदान वेगवेगळ्या महिन्यांत. मजलिसमध्ये राष्ट्राध्यक्षाचा पक्ष अल्पमतात गेला म्हणून राष्ट्राध्यक्ष जात नाही. उलट राष्ट्राध्यक्षालाही मजलिस विसर्जित करून नव्याने निवडणूक लावता येत नाही. दोघांनीही एकमेकांना पाच वर्षे सोसायचे.

मंत्री मजलिसचे सदस्य नसतात. सदस्याला मंत्री व्हायचे असेल तर आधी जागा सोडावी लागते. ही अट लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात तिच्यावरूनच रामायण घडले आहे.

ही पद्धत लोकांनी मत देऊन घेतलेली आहे. १८ ऑगस्ट २००७ ला संसदीय की अध्यक्षीय यावर सार्वमत झाले आणि साधारण ६२ टक्के मते अध्यक्षीय पद्धतीला पडली. त्यावरून आजची राज्यघटना ऑगस्ट २००८ मध्ये लागू झाली. त्याआधीही राष्ट्राध्यक्ष होतेच, पण मजलिस एकच नाव ठरवायची आणि लोकांनी त्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. मौमून अब्दुल गय्यूम या वाटेने १९७८ पासून तीस वर्षे पदावर राहिले. त्या वेळच्या पन्नास सदस्यांच्या मजलिसमध्ये आठ जण तर राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेले असत.

परीक्षेच्या दृष्टीने एक शब्दभेद पाळा. आपले ते राष्ट्रपती, कारण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मालदीवचे ते राष्ट्राध्यक्ष, कारण सरकार तेच चालवतात. वर्तमानपत्रे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथूनच निम्मा घोळ सुरू होतो.

राष्ट्राध्यक्ष व्हायला ५० टक्क्यांच्या वर मते लागतात असे वाचले. सगळ्यांना कमी पडली तर? – वाचक, तासगाव

तर पहिल्या दोघांतच पुन्हा मतदान, २१ दिवसांच्या आत. आपल्याकडे चौरंगी लढतीत ३२ टक्क्यांचा उमेदवार गुलाल उधळतो, तसे तिथे होत नाही.

दुसऱ्या फेरीचे गणित समजायला २०१३ ची निवडणूक पाहा. ७ सप्टेंबरचे मतदान सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. १९ ऑक्टोबरला ठरलेले मतदान ऐन वेळी पोलिसांनी थांबवले. अखेर ९ नोव्हेंबरला पहिली फेरी झाली. मोहम्मद नशीद ४६.९ टक्के, अब्दुल्ला यामीन २९.७, कासिम इब्राहिम २३.३. सतरा टक्क्यांची आघाडी! आपल्या पद्धतीत नशीद त्या रात्रीच निवडून आले असते. पण कासिम यांनी यामीन यांना पाठिंबा दिला आणि १६ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत यामीन ५१.४ टक्क्यांवर पोचले. नशीद यांची टक्केवारी दोन फेऱ्यांत जेमतेम पावणेदोनने वाढली. २००८ मध्ये हेच उलटे घडले होते. तेव्हा पहिल्या फेरीत गय्यूम ४० टक्क्यांवर, नशीद २५ च्या आसपास, आणि दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे मागे उभे राहिल्याने नशीद जिंकले.

म्हणून तिथल्या पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे लक्ष ठेवायचे. सौदा त्याच्याशी होतो, आणि मंत्रिमंडळ कसे दिसणार हे बहुतेक वेळा त्या दोन-तीन आठवड्यांतच ठरून जाते. पुढे हेच सोबती दुरावतात आणि मजलिसमध्ये आकडे डळमळतात.

आमच्याकडे थेट सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे असे झाले, की ठराव अडतात, बिले अडतात. मालदीवमध्येही असा पेच पडतो का? पडला तर राष्ट्राध्यक्षाला खाली खेचता येते का? – निवृत्त ग्रामसेवक, रहिमतपूर

तुमचा प्रश्न वाचताना वाटले, सरपंचावरच्या अविश्वासाची, म्हणजे कलम ३५ ची फाइल हाताळलेल्या माणसाला मालदीवची राज्यघटना अर्धी आधीच कळलेली असते.

पेच पडतो, आणि नव्या घटनेखालच्या पहिल्याच राष्ट्राध्यक्षाला पडला. नशीद २००८ च्या अखेरीस निवडून आले. २००९ च्या मजलिस निवडणुकीत ७७ पैकी त्यांच्या मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीला २६ जागा मिळाल्या आणि गय्यूम यांच्या पक्षाला २८. तिथे मंत्र्यांच्या नेमणुकीला मजलिसची मंजुरी लागते. राष्ट्राध्यक्षाने नेमायचे, नावे सात दिवसांत मजलिसकडे पाठवायची आणि मजलिसने मत घ्यायचे. शिवाय एकेका मंत्र्यावर अविश्वास आणता येतो. त्याला दहा सदस्यांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे. या अडवाअडवीला कंटाळून २९ जून २०१० ला नशीद यांच्या सगळ्या मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले. आठवडाभरात नशीद यांनी त्यांनाच पुन्हा नेमले. नोव्हेंबरात मजलिसने त्यातल्या सात जणांना मंजुरी नाकारली.

जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांच्या मंत्रिमंडळाच्या मंजुरीवरून सभागृहात हाणामारीच झाली. चार नावे विरोधकांनी रोखून धरली होती. मतदानात तिघांना नकार मिळाला, एक तरला. राष्ट्राध्यक्षांनी त्या तिघांना लगेच पुन्हा नेमले. मंजुरी हवी असे घटना सांगते, पण नाकारलेल्या माणसालाच परत नेमले तर काय, हे तिने पुरेसे बांधून ठेवलेले नाही. ग्रामपंचायतीत नामंजूर झालेला विषय पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर नव्या क्रमांकाने येतो, त्याच जातीचा हा प्रकार.

आता खाली खेचण्याबद्दल. राष्ट्राध्यक्षाला हटवण्याची कारणे घटनेत मोजून दिली आहेत : इस्लामच्या तत्त्वाचा, राज्यघटनेचा किंवा कायद्याचा थेट भंग, पदाला न शोभणारे गंभीर वर्तन, किंवा काम करण्यास असमर्थता. नुसते ‘विश्वास उरला नाही’ चालत नाही. ठराव आणायला एक तृतीयांश सदस्यांच्या सह्या, राष्ट्राध्यक्षाला किमान चौदा दिवसांची नोटीस, वकिलासह बाजू मांडण्याचा हक्क, आणि शेवटी एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते. उपराष्ट्राध्यक्षालाही हाच नियम. २०१५ मध्ये तो दोनदा वापरला गेला. जुलैत मोहम्मद जमील गेले, त्यांच्या जागी आलेले अहमद अदीब नोव्हेंबरात गेले. ८५ च्या मजलिसमध्ये ५७ मते पुरेशी होती. पहिल्या वेळी ७८ पडली, दुसऱ्या वेळी ६१. राष्ट्राध्यक्ष मात्र आजवर या वाटेने एकही गेलेला नाही. नशीद फेब्रुवारी २०१२ मध्ये पायउतार झाले ते राजीनाम्याने. राजीनामा बंदुकीच्या धाकाने घेतला, असे ते नंतर सांगत राहिले. उरलेली मुदत उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद वहीद यांनी भरली, मध्यावधी निवडणूक झाली नाही.

खरी मेख ‘एकूण सदस्यसंख्या’ या दोन शब्दांत आहे. २०२३ च्या अखेरीस मजलिस ८७ सदस्यांची होती. मुइझ्झू निवडून आल्यावर सात सदस्यांनी त्यांच्या सरकारात पदे घ्यायला जागा सोडल्या. मजलिसची निवडणूक तोंडावर होती म्हणून पोटनिवडणुका झाल्या नाहीत. आता ८७ चे दोन तृतीयांश म्हणजे ५८. रिकाम्या सात वगळून ८० चे धरले तर ५४. विरोधातले दोन पक्ष मिळून होते ५६! ८७ धरा, दोन मते कमी पडतात. ८० धरा, दोन जास्त होतात. मग विरोधी बहुमताने सभागृहाच्या कामकाजाचे नियमच बदलले आणि रिकाम्या जागा मोजायच्या नाहीत असे लिहून टाकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. महाभियोगाची भाषा झाली, पण मतदानापर्यंत गाडी गेली नाही, आणि एप्रिल २०२४ च्या निवडणुकीत मुइझ्झू यांच्या पक्षाने ९३ पैकी ६६ जागा घेतल्या. ९३ चे दोन तृतीयांश ६२. विषय तिथेच मिटला.

आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाने ही फट बुजवलेली आहे. कलम ३५ मध्ये अविश्वासाची मते मोजताना ‘त्या वेळी सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेले’ सदस्य धरायचे असे म्हटले आहे. समजा सरपंच धरून ११ जणांची पंचायत आहे आणि एकाचे सदस्यत्व जातवैधता प्रमाणपत्र न दिल्याने गेले. थेट सरपंचासाठी तीन चतुर्थांश लागतात. ११ चे केले तर सव्वाआठ, म्हणजे नऊ मते. १० चे केले तर साडेसात, म्हणजे आठ. कायदा १० धरायला सांगतो. अपूर्णांक नेहमी वर न्यायचा, कारण ‘किमान तीन चतुर्थांश’ म्हटल्यावर साडेसात माणसे हात वर करू शकत नाहीत. शिवाय आपल्याकडे ठराव संमत झाला तरी थेट सरपंचाच्या बाबतीत ग्रामसभेचे गुप्त मतदान उरतेच, ज्यांनी निवडले त्यांनाच विचारायचे म्हणून. मालदीवने राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत हा टप्पा ठेवलेला नाही. लोकांनी निवडलेला माणूस ६२ सदस्य घरी पाठवू शकतात, लोकांना पुन्हा न विचारता. ही मला तिथल्या घटनेतली कच्ची बाजू वाटते.

मजलिसचा कोरम २५ टक्के आहे असे पुस्तकात आहे. मग २०१८ मध्ये आणीबाणीच्या मतदानाला ‘कोरम नव्हता’ अशी ओरड का झाली? – विधी शाखेचा विद्यार्थी, कराड

कारण तिथे कोरम दोन आहेत आणि पुस्तकांत एकच छापतात.

सभागृह सुरू करायला एकूण सदस्यांच्या २५ टक्के हवेत. पण नागरिकांना बंधनकारक ठरणारी कोणतीही गोष्ट मताला टाकायची तर निम्म्याहून जास्त सदस्य हजर हवेत. भाषणे चोवीस जणांत होतील, कायदा होणार नाही. आज ९३ सदस्य आहेत, म्हणजे चर्चेला २४ आणि बंधनकारक मतदानाला ४७. ४७ हजर असतील आणि सगळ्यांनी मत दिले तर २४ मतांनी विधेयक संमत होते.

आता २०१८. तेव्हा सदस्य ८५, म्हणून हजेरी ४३ हवी. १ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने कैदेतल्या राजकीय नेत्यांना सोडण्याचा आणि पक्ष सोडल्यामुळे जागा गमावलेल्या बारा सदस्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ते बारा परत आले असते तर मजलिसमध्ये राष्ट्राध्यक्ष यामीन यांचे बहुमत गेले असते. ५ तारखेला पंधरा दिवसांची आणीबाणी जाहीर झाली, आणि सरन्यायाधीशांसह दोन न्यायमूर्ती अटकेत गेले. मुदत संपत आली तेव्हा २० फेब्रुवारीला ती तीस दिवसांनी वाढवण्याचा ठराव मजलिसमध्ये आला. विरोधकांनी बहिष्कार घातला. ठरावाला ३८ मते मिळाली. आणीबाणीत नागरिकांचे हक्क थांबतात, म्हणजे हा विषय बंधनकारकच, म्हणून ४३ हवेत, असे विरोधकांचे म्हणणे. सत्ताधाऱ्यांनी ३८ वर काम भागवले आणि आणीबाणी २२ मार्चपर्यंत चालली.

विरोधकांनी सभागृहात बसून विरोधी मत दिले असते तर हजेरी भरली असती आणि ते हरले असते. बाहेर राहिल्याने हजेरी भरली नाही, हाच त्यांचा मुद्दा झाला. जिथे हजेरीवर वैधता अवलंबून असते तिथे बहिष्कार हे हत्यार होते, हे आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या सभांतही दिसते. फरक एवढाच, की आपल्याकडे तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी कोरमशिवाय उरकून घेतात.

एकच सभागृह असल्यावर कायदा कसा होतो? घाईला आवर कोण घालते? – वाचक, फलटण

विधेयक सदस्य मांडतो. मंत्री सभागृहात बसत नसल्यामुळे सरकारी विधेयकही सत्ताधारी पक्षाच्या एखाद्या सदस्याच्या नावाने येते. प्राथमिक चर्चा होते, मग ते समितीकडे जाते. खरे काम तिथे चालते. खात्यांचे अधिकारी येतात, लेखी सूचना येतात, कलमावार दुरुस्त्या होतात. समितीचा अहवाल आला की दुरुस्त्यांवर एकेक करून आणि मग पूर्ण विधेयकावर मतदान. संमत झालेले विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे.

त्यांना पंधरा दिवस. एक तर संमती द्यायची, नाही तर फेरविचाराला परत पाठवायचे. काहीच केले नाही तर पंधरा दिवसांनी संमती दिली असे धरले जाते. फाइल दाबून ठेवण्याची सोय घटनेने ठेवलेली नाही, आणि आपल्याकडच्या राज्यपालांकडे वर्षानुवर्षे पडलेल्या विधेयकांची चर्चा आठवली तर हे कलम फार शहाणे वाटते. परत आलेले विधेयक मजलिसने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, म्हणजे आज ४७ मतांनी, जसेच्या तसे संमत केले तर राष्ट्राध्यक्षाला सही करावीच लागते. म्हणजे हा नकाराधिकार तसा हलका. मध्य अमेरिकेतले कोस्टारिका पाहा. तिथेही एकच सभागृह, ५७ सदस्यांचे, आणि अध्यक्षीय पद्धत. पण राष्ट्राध्यक्षाने अडवलेला कायदा पुढे रेटायला तिथे दोन तृतीयांश, म्हणजे ३८ मते लागतात. तिथे २० सदस्य पाठीशी असलेला राष्ट्राध्यक्ष नको असलेला कायदा रोखू शकतो. मालदीवमध्ये ४६ असूनही रोखू शकत नाही.

आवर घालणारे दोघेच उरतात : समिती आणि सर्वोच्च न्यायालय. आपली विधान परिषद साधे विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना रोखू शकते, अर्थविषयक विधेयक फक्त चौदा दिवस. फार काही नाही, पण चार महिन्यांत वर्तमानपत्रे वाचली जातात, मोर्चे निघतात. मालदीवमध्ये समितीतही सत्ताधाऱ्यांचेच बहुमत असले की ही उसंत मिळत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला चक्क घटनादुरुस्ती एका दिवसात मांडून, संमत होऊन, सहीसह पूर्ण झाली. ती कशाबद्दल होती, ते पुढच्या उत्तरात.

आपल्यासारखी आयाराम-गयारामची भानगड तिथे आहे का? – वाचक, जत

आहे, आणि लहान सभागृहात ती जास्त भारी पडते. ९३ मध्ये पाच जण इकडचे तिकडे गेले तरी गणित बदलते.

२०२४ च्या निवडणुकीनंतर अपक्ष निवडून आलेले बरेच जण सत्ताधारी पीपल्स नॅशनल काँग्रेसमध्ये दाखल झाले. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येच्या तीन चतुर्थांश मते लागतात. ९३ चे ६९.७५, म्हणजे ७०. पक्षाच्या चिन्हावर आलेले ६६ होते. ही चारची तूट अशी आणि मित्रपक्षांनी भरून निघाली. आणि मग नोव्हेंबरात दुरुस्ती काय केली? तर पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याने पक्ष सोडला किंवा पक्षाने त्याला काढले तर जागा जाईल, आणि अपक्षाने पक्षात प्रवेश केला तरी जाईल. आत आलेल्या सगळ्यांच्या मागे दार लावून घेतले म्हणायचे.

आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षाने हकालपट्टी केलेल्याची जागा आपोआप जात नाही. तिथे जाते. हा फरक छोटा नाही. अध्यक्षीय पद्धतीत सदस्य पक्षाविरुद्ध गेला तरी सरकार पडत नाही, म्हणून पक्षांतरबंदीची मुळातच तेवढी गरज नसते. सरकार स्थिर ठेवायला आपण हा कायदा केला, त्यांनी तो पक्षाध्यक्षाच्या हातात चाबूक म्हणून दिला, असे आमचे मत. दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. सुनावणी चालू असताना फेब्रुवारी २०२५ मध्ये सातपैकी तीन न्यायमूर्ती निलंबित झाले आणि मे महिन्यात मजलिसने दोघांना पदावरून काढले.

सगळीच घटनादुरुस्ती मात्र अशी मजलिसच्या हातात नाही. मूलभूत हक्क, मजलिसची मुदत, राष्ट्राध्यक्षाची मुदत आणि त्याच्या निवडीची पद्धत, यांना हात लावायचा तर सार्वमत लागते. उमेदवाराचे वय त्या यादीत नव्हते. म्हणून २०१५ मध्ये वयाची खालची मर्यादा ३५ वरून ३० वर आणून, तिशीतल्या अदीब यांना उपराष्ट्राध्यक्ष करण्याची वाट नुसत्या मजलिसच्या मतांनी मोकळी झाली. त्याच मजलिसने चार-पाच महिन्यांत त्यांना काढलेही.

अर्थसंकल्प फेटाळला तर सरकार पडते का? – हळद व्यापारी, सांगली

पडत नाही. आपल्याकडे तो अविश्वास मानतात, तिथे तो फक्त नामंजूर अर्थसंकल्प. पण मजलिसने मंजूर केल्याशिवाय खर्च करता येत नाही, आणि कायद्याशिवाय कर लावता येत नाही की कर्ज काढता येत नाही. म्हणून सरकारला तडजोड करावीच लागते. त्यांचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे ही ओढाताण नोव्हेंबरात चालते. तुमच्या कामाचे म्हणून : तिथलाही जीएसटी मजलिसच्या कायद्यानेच बदलतो. १ जानेवारी २०२३ पासून तो सर्वसाधारण व्यवहारांवर ६ वरून ८ टक्के आणि पर्यटन क्षेत्रात १२ वरून १६ टक्के झाला. आपल्यासारखी परिषद नाही, कारण वाटून घ्यायला राज्येच नाहीत.

एवढ्याशा देशाला ९३ मतदारसंघ कसे पडतात? आणि बेटावरचा माणूस मालेत नोकरीला असेल तर मत कुठे देतो? – वाचक, ढेबेवाडी

प्रत्येक प्रशासकीय विभागाला, म्हणजे एकेका प्रवाळबेटसमूहाला आणि राजधानी मालेला, तिथे नाव नोंदलेल्या पहिल्या ५ हजार लोकांमागे दोन सदस्य. पुढच्या प्रत्येक ५ हजारांमागे एक. लोकसंख्या वाढली की सदस्य वाढतात : २००९ ला ७७, २०१४ ला ८५, २०१९ ला ८७, २०२४ ला ९३. ‘पहिल्या ५ हजारांमागे दोन’ याचा अर्थ समूह कितीही लहान असो, दोन सदस्य ठरलेले. वावू हा सगळ्यात लहान समूहांपैकी एक. दोन-अडीच हजार नोंदी, म्हणजे तुमच्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढा, आणि त्याला दोन खासदार. मालेतला सदस्य त्याच्या कितीतरी पट लोकांचा प्रतिनिधी असतो. वरचे सभागृह असते तर लहान बेटांना तिथे जागा देता आल्या असत्या. ते नाही, म्हणून हे झुकते माप इथेच घालून ठेवले आहे.

मतदान नोंदणीच्या बेटावरच्या मतदारसंघातच मोजले जाते, माणूस कुठेही राहो. पण त्याला गावी जावे लागत नाही. आधी पुन्हा नोंदणी करून ‘मी अमुक ठिकाणी मत देणार’ असे कळवायचे, की त्याच्या मतदारसंघाची पेटी तिथे ठेवतात. मालेत दूरदूरच्या बेटांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असतात. २०२४ ला अशा पेट्या तिरुवनंतपुरम, कोलंबो आणि क्वालालंपूरलाही होत्या. तुमच्या खोऱ्यातला मुंबईचा माथाडी कामगार ग्रामपंचायतीच्या मतदानाला उमेदवाराने केलेल्या गाडीतून रातोरात गावी येतो, तिथे पेटीच माणसाकडे जाते. भानगडी होतात त्या पुन्हा नोंदणीत. मुदत चुकली तर नाव गावच्याच यादीत राहते आणि मत देता येत नाही, आणि दुसऱ्याच कोणी परस्पर अर्ज भरल्याच्या तक्रारीही होतात. दुसऱ्या फेरीसाठी ठिकाण बदलायचे असेल तर मधल्या तीन आठवड्यांतच हे उरकायचे असते.

मजलिसमध्ये महिलांना आरक्षण आहे का? – शिक्षिका, वाई

नाही. २०२४ ला ९३ पैकी तीन महिला निवडून आल्या. स्थानिक बेट-परिषदांमध्ये २०१९ च्या कायद्याने एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आहेत. आपल्या पंचायतींत निम्म्या आहेत.